शिवणाच्या कोर्सची मांडणी बदलली तेव्हा

धाराशिवच्या ज्या प्रशिक्षण केंद्रात मी शिवण शिकवते, तिथं मुली येतात तशा बायाही येतात. कुणी नुकतीच बारावी झालेली, तर कुणी दोन लेकरं शाळेत घालून आलेली. वर्षाचा कोर्स आहे. झबल्यापासून सुरुवात, मग परकर, ब्लाउज, सलवार-कुर्ता आणि शेवटी शर्ट. माझं माहेर बेंबळीचं. तिथून रोज एसटीनं येऊन मी हाच कोर्स केला आणि पुढं त्याच वर्गात शिकवायला लागले. त्याला तेवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं, की मॅडम, तुम्ही हे सगळं कसं मांडणार. भिंतीवर वार्षिक नियोजनाचा तक्ता असायचा, कोणत्या आठवड्यात काय ते त्यावर लिहिलेलं असायचं, आणि त्याप्रमाणं आम्ही चालायचो.

मग वरून पत्र आलं, की प्रत्येक विषयाचे पाठ ऑनलाइन पोर्टलवर टाकायचे. मुलींना घरी फोनवर पाठ बघता आले पाहिजेत, घरचा अभ्यास तिथंच देता आला पाहिजे. आमच्याकडं संगणक शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत. माझ्यापेक्षा वयानं बऱ्याच लहान, पण कधी कुणाला हसणार नाहीत अशा. त्यांनी मला लॉगिन करून दिलं, माझ्या विषयाचं एक कोरं पान उघडलं आणि विचारलं, मांडणी कोणती ठेवायची. चार-पाच प्रकार होते. आठवड्यानुसार ठेवता येते, विषयानुसार येते. सगळं एका पानावर ठेवता येतं किंवा एकेका भागाचं वेगळं पान करता येतं. चित्रांच्या चौकोनांची पण एक मांडणी होती.

मी विचारलं, बाकीच्यांनी कोणती घेतली? सगळ्यांनी आठवड्यांची घेतली होती. मग मीही तीच घेतली. त्यात विचार करण्यासारखं काही असेल असं मला वाटलंच नाही.

पुढचे दोन-तीन महिने मी ते आठवडे भरत होते. वर्ग सुटला की फोन एका स्टुलावर बांधायचा, मशीनच्या सुईवर धरायचा आणि हात दाखवत बोलायचं. पहिल्या काही व्हिडिओत माझ्या बांगड्यांचाच आवाज जास्त होता, म्हणून नंतर मी बांगड्या काढून ठेवू लागले. ब्राऊन पेपरवर आखणी करायची, टप्प्याटप्प्याचे फोटो घ्यायचे, खाली मापं लिहायची. सगळे आठवडे भरून झाले तेव्हा प्राचार्यांनी बैठकीत माझं नाव घेऊन कौतुक केलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मी घरीही ते दोनदा सांगितलं.

सोयाबीनच्या काढणीला आमचा वर्ग निम्मा रिकामा होतो. हे दरवर्षीचंच आहे. पोरी आठ-पंधरा दिवस येत नाहीत, मग येतात आणि मी त्यांना मागचं दाखवते. या वेळी मी निर्धास्त होते, कारण आता सगळं फोनवर होतं. तेर गावची एक विद्यार्थिनी तर त्याच्याही आधीपासून रजेवर होती. तिचं बाळंतपण झालं होतं. हाताची फार चांगली मुलगी. कापडाला कात्री लावताना ती श्वास धरायची आणि काप पूर्ण झाला की सोडायची, ते मला शेजारच्या टेबलावरून ऐकू यायचं. दिवाळीनंतर एके दिवशी तिचा फोन आला. म्हणाली, नाव काढून टाका, आता होणार नाही.

"का गं? पाठ सगळे टाकलेत की मी. घरी बसून बघता येतात," मी म्हणाले.

"बघितलंय मॅडम. बघूनच सांगायलेय," ती म्हणाली. "माझं लई मागं राहिलं."

मी तिला धीर दिला, नाव काढणार नाही म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. पण ते 'बघूनच सांगायलेय' माझ्या मनातून जाईना. मी एवढं सगळं केलं होतं ते तिनं बघितलं, आणि ते बघून तिनं सोडायचं ठरवलं, असा त्याचा अर्थ होता. मला आधी तिचाच राग आला. दोन दिवसांनी मात्र वाटलं, जाऊन बघावं तरी ही काय बघते.

रविवारी मी तेरची बस धरली. तिचं घर स्टँडपासून पाच मिनिटांवर. सासूबाई ओसरीवर बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला बघून त्यांचा पहिला प्रश्न हाच होता, की बाई, हिचं नाव तिथं हाय का काढलं. मी म्हणाले, "आहे मावशी." तशा त्या सुनेला म्हणाल्या, "लेकराला मी धरते. तू नीट बस बाईंजवळ."

मी मुलीला सांगितलं, की तू रोज जशी फोनवर बघतेस तशी बघ. मी काही बोलणार नाही, नुसती शेजारी बसते. तिला अवघड वाटलं असणार, पण तिनं फोन उघडला.

कोर्स उघडला तो एकदम सतराव्या आठवड्यावर. चालू आठवडा म्हणून तो भाग रंगवलेला होता. त्याच्या वर सोळा आठवडे, प्रत्येकावर तारखा, आणि सगळ्या तारखा उलटून गेलेल्या. प्रत्येक पाठापुढं एक रिकामा गोल, म्हणजे हा पाठ झालेला नाही. ती अंगठ्यानं वर वर सरकत होती आणि रिकामे गोल मागं जात होते. संपतच नव्हते. मी हे पान माझ्या बाजूनं शेकडो वेळा बघितलं होतं, पण मला ते गोल कधी दिसलेच नव्हते. शिकवणाऱ्याच्या पानावर ते तसे दिसत नाहीत.

तिला ब्लाउजची बाही बघायची होती. बाहीची आखणी तिला सापडली, पण मुंढ्याला, म्हणजे खांद्याच्या गोलाईला, बाही जोडायची कशी ते सापडेना. शेवटी, बोलणार नाही म्हणालेली मीच फोन हातात घेतला. आणि मलाही ते लगेच सापडलं नाही. आखणी अकराव्या आठवड्यात होती. बाराव्या आठवड्यात चाचणी, मग सुट्टी. त्यामुळं जोडणी चौदाव्यात गेली होती. तक्त्यावर ते तसंच होतं आणि तक्त्याप्रमाणं मी टाकलं होतं. तिच्या ओसरीवर बसून मी माझाच पाठ शोधत होते आणि सासूबाई बघत होत्या. मला कानकोंडं झालं.

तेवढ्यात तिनं आतून एक वही आणली. शंभर पानी साधी वही. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 'झबलं'. त्याखाली तिनं लिहिलं होतं, माप अमुक आठवड्यात, आखणी अमुक, गळ्याची पट्टी अमुक. कागदाचं छोटं झबलं कापून टाचणीनं पानाला लावलेलं. चार पानांनंतर 'परकर'. नाडीचा नेफा कुठल्या आठवड्यात, घेर कुठल्या. मग 'ब्लाउज', ते अर्धवट. म्हणजे माझे आठवडे तिनं एकेक उघडून बघितले होते आणि पुन्हा कपड्यांप्रमाणं लावून घेतले होते, बाळ निजलेलं असताना, जसं जमेल तसं. ब्लाउजपर्यंत येऊन ती दमली होती.

मी तिला विचारलं, हे असं का लिहिलंस. ती म्हणाली, "मला आठवडा आठवत न्हाय मॅडम. काय शिवायचंय तेवढं आठवतं."

चहा झाला. बाळाच्या अंगात तिनंच शिवलेलं झबलं होतं, गळ्याची पट्टी थोडी ताणली गेली होती, ती कशी सोडवायची ते दाखवलं. वहीच्या पानांचे फोटो काढून घेतले आणि दुपारच्या बसनं परत आले. बसमध्येच माझं ठरलं होतं. मांडणी बदलायची, आणि पुढच्या वर्षी नाही, आत्ताच.

सोमवारी मी संगणकाच्या मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, बदलायला काय, एक बटण आहे. पण तारखांची नावं जातील, प्रत्येक भागाला नवीन नाव द्यावं लागेल आणि आतले पाठ हातानं उचलून इकडचे तिकडं ठेवावे लागतील. आधी सगळ्याची एक प्रत काढून ठेवू. आणि एकदा सरांच्या कानावर घाला.

सर म्हणजे आमचे प्राचार्य. माणूस वाईट नाही. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि अडचण सांगितली. तपासणी पथक येतं तेव्हा ते नियोजनाचा तक्ता हातात धरतं आणि पोर्टल उघडून विचारतं, या आठवड्याचं दाखवा. सगळ्या विषयांचं पान सारखं असलं की उत्तर देता येतं. एकाचं वेगळं असलं की त्याचं उत्तर शोधत बसावं लागतं. त्यात चूक काही नव्हतं. मी त्यांना वहीचे फोटो दाखवले. त्यांनी ते बराच वेळ बघितले, फोटो मोठा करून टाचणीनं लावलेलं झबलं बघितलं, पण मान काही हलवली नाही.

"मॅडम, एवढं भरून झालेलं काम तुम्ही परत कशाला मोडता?" ते म्हणाले.

"सर, शिवण चुकली की आम्ही उसवतो. वर्गात मी पोरींना दुसरं काही करू देत नाही," मी म्हणाले.

ते थोडे हसले. मग म्हणाले, की तुमच्या जबाबदारीवर करा, पण तपासणीच्या दिवशी मला आठवडा दिसला पाहिजे.

त्या दिवशी मी आखणीचा एक मोठा ब्राऊन पेपर टेबलावर पसरला. डाव्या बाजूला वरून खाली कपडे लिहिले आणि प्रत्येकापुढं त्याचे आठवडे. नियोजनातला एकही आठवडा सुटू नये म्हणून दोनदा तपासलं. मग त्याचा फोटो काढून कोर्सच्या अगदी वर लावला. सरांना हवा होता तो आठवडा तिथं होता.

आणि संगणकाच्या मॅडमना शेजारी बसवून मी बटण दाबलं.

चूक माझी एवढीच झाली, की मुलींना आधी सांगितलं नाही. वर्ग चालू होता. आठवड्यांची सगळी नावं गेली आणि त्या जागी नुसतं 'विषय १', 'विषय २' असं खालपर्यंत आलं. दहा मिनिटांत वर्गाच्या ग्रुपवर निरोप यायला लागले. मॅडम, कोर्स गेला का? मॅडम, माझा अभ्यास पुसला का? बेंबळीची एक मुलगी तर वर्गातून उठून ऑफिसात माझ्यापुढं येऊन उभी राहिली. मी प्रत्येकीला उत्तर दिलं, की काही गेलेलं नाही, आठ दिवस थांबा. आतून मात्र मी घाबरले होते.

आठ दिवसांचे अकरा झाले. रोज वर्ग सुटल्यावर मी संगणकाच्या खोलीत बसायची. एकेक पाठ उचलायचा, आपल्या कपड्याखाली नेऊन ठेवायचा. माप, आखणी, कापणं, जोडणं, शेवटचं काम, असा क्रम प्रत्येक कपड्यात सारखा ठेवला. नावं मी अभ्यासक्रमातली घेतली नाहीत. तिथं 'शरीराच्या वरच्या भागाची वस्त्रे' वगैरे लिहिलेलं असतं. मी 'ब्लाउज' लिहिलं.

सगळं सरळ बसलं असंही नाही. मशीनला तेल कसं द्यायचं, बॉबिन कशी भरायची, धावदोरा आणि हेम कशी घालायची, हे कुठल्याच एका कपड्याचं नाही. आधी मी ते झबल्यात टाकलं. मग वाटलं, परकराला आलेली बाई ते शोधायला झबल्यात कशाला जाईल. म्हणून प्रत्येक कपड्यात परत परत टाकलं, तर पान लांबलचक झालं. शेवटी सगळ्यांच्या वर एक वेगळा भाग केला आणि त्याला 'मशीन आणि टाके' असं नाव दिलं.

मग प्रश्न आला, की सगळे कपडे एका पानावर ठेवायचे का एकेकाचं वेगळं पान करायचं. केंद्रात एकच पान छान दिसत होतं, सगळं डोळ्यापुढं. मी तेरला फोन लावून तिला उघडायला सांगितलं. फोटो इतके होते, की तिच्याकडं ते पान उघडता उघडेना. मग प्रत्येक कपड्याचं वेगळं पान केलं आणि दाराशी, म्हणजे पहिल्या पानावर, फक्त त्या कपड्याचा छोटा फोटो ठेवला. फोटोवर बोट ठेवलं की आत जायचं. फोटोंसाठी कपडे मी नव्यानं शिवले नाहीत, मुलींनीच शिवलेले घेतले. झबलं तेरच्या मुलीचं घेतलं.

कुलपाची पण एक सोय होती. एक भाग पूर्ण झाल्याशिवाय पुढचा उघडूच नये असं करता येतं. संगणकाच्या मॅडम म्हणाल्या, लावून टाका, म्हणजे कुणी झबलं सोडून एकदम ब्लाउजवर उडी मारणार नाही. वर्गात मी तसंच करते, झबल्याशिवाय कुणाला पुढं जाऊ देत नाही. पण बाळंतपणाहून आलेली बाई दारोदार कुलपं बघून परत जाईल, ते मला नको होतं. मी एकच कुलूप ठेवलं. ब्लाउजच्या कागदावरच्या आखणीचा फोटो मला पाठवल्याशिवाय कापडावर कात्री लावायचा पाठ उघडणार नाही. बाकी सगळं मोकळं.

अकराव्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं, की आता बघा.

तेरहून तिसऱ्या दिवशी बाहीच्या आखणीचा फोटो आला. मुंढ्याची गोलाई अर्धा इंच चुकली होती, मी दुरुस्त करून परत पाठवली. तिनं पुन्हा काढून पाठवली. मग ब्लाउजचं पुढचं उघडलं.

सगळ्यांना आवडलं असं मात्र झालं नाही. ऑफिसात येऊन उभी राहिलेली ती बेंबळीची मुलगी काही दिवसांनी स्पष्टच म्हणाली, "मॅडम, आधी बरं होतं. या आठवड्यात काय करायचं ते कळायचं. आता सगळंच समोर असतं, मग मी काहीच करत न्हाय." आणखी दोघींनी तिला दुजोरा दिला. मला ते लागलं, पण त्या खरं बोलत होत्या. ज्या रोज वर्गाला येत होत्या, त्यांना आठवड्याचा आधार होता. तो मी काढून घेतला होता. परत जुनी मांडणी आणायचा विचार मी केला नाही, पण त्यांच्यासाठी काहीतरी करणं भाग होतं. मग दर सोमवारी सकाळी वर्ग सुरू व्हायच्या आधी मी पानाच्या माथ्यावर एक ओळ लिहायला लागले. 'या आठवड्यात वर्गात सलवारीचा नेफा. शनिवारपर्यंत शिवून आणा.' एवढंच. कुठल्या सोमवारी विसरले, तर ती बेंबळीची मुलगीच आठवण करून द्यायची. आजही ती ओळ मी लिहिते.

तपासणी पथक उन्हाळ्याच्या तोंडावर आलं. आलेल्या साहेबांनी माझं पान उघडलं आणि विचारलं, यात आठवडे कुठं आहेत. प्राचार्य माझ्याकडं बघायला लागले. मी वरचा तक्ता उघडून दाखवला. साहेबांनी मधलेच तीन आठवडे निवडून विचारले, मी तिन्ही वेळा त्या कपड्यात जाऊन तो पाठ काढून दिला. मग त्यांनी सहज परकराचा एक व्हिडिओ लावला आणि पूर्ण बघितला. शेवटी म्हणाले, या तक्त्याची छापील प्रत सही-शिक्क्यानिशी फाईलला लावा. एवढ्यावर झालं. ते गेल्यावर सर मला म्हणाले, ती प्रत लगेच काढा, उद्यावर टाकू नका. माझ्यासाठी ते पुरेसं होतं.

पुढच्या वर्षी ब्युटी पार्लर शिकवणाऱ्या मॅडमनी त्यांचा कोर्स तसा करून घेतला. बाकीच्यांचे आठवडेच आहेत आणि त्यांचं त्यांना बरं चाललंय. इलेक्ट्रिशियनचे सर म्हणतात, त्यांच्याकडं एकावर एक असंच रचावं लागतं, कुणाला मधूनच शिरता येत नाही. असेलही. मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

तेरची मुलगी त्या वर्षी परीक्षेला बसू शकली नाही. हजेरी कमी पडली, त्याला माझा इलाज नव्हता. तिनं नाव मात्र काढलं नाही. पुढच्या तुकडीबरोबर ती पुन्हा यायला लागली, आठवड्यातून तीन दिवस, बाकीचं घरून. परीक्षेच्या दिवशी सासूबाई बाळाला घेऊन केंद्राच्या व्हरांड्यात बसून होत्या. ती पास झाली. आता ती गावातच शिवते, शाळेचे गणवेश घेते आणि अडलं की अजून कोर्स उघडून बघते. तिचं लॉगिन मी बंद करू दिलेलं नाही.

गेल्याच आठवड्यात तिचा फोन आला होता. शर्टाच्या पानावर बटणांची काजं करायचा जो व्हिडिओ आहे, त्यात माझा हात मधेच येतो आणि सुई दिसतच नाही, म्हणाली. मी लावून बघितला. खरंच दिसत नाही, आणि दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी फोन मशीनच्या डाव्या अंगाला बांधला आणि नवीन कापड घेऊन पहिल्यापासून काजं घालायला बसले.